कावळ्याच्या पायाचा ठसा

ॲडेलबर्ट क्राऊसबद्दल व्हेडर गन वर्क्सच्या एकाही माहितीपत्रकात ओळ नाही. त्या पत्रकांत शिकारी कुत्रे आहेत, मालकाच्या आजोबांच्या मिशा आहेत, भारी बंदुकीच्या पोलादावर कोरलेले उडते तितर आहेत. बंदूक ज्याच्या हाताखालून गेली त्याला शोधायचं तर दुनळीच्या पुढचं लाकूड काढावं लागतं आणि नळ्या पालथ्या कराव्या लागतात. खालच्या अंगाला गव्हाच्या दाण्याएवढा ठसा दिसतो. तीन रेघा, एका टोकाला जुळलेल्या. कावळ्याचा पाय. तोच आमचा डेल.

हल्ली जुन्या दुनळ्या जमवणारी मंडळी निघाली आहेत. ती मला पत्रं लिहितात. कुठल्या सालची, कुठल्या दर्जाची, नक्षी कुणाची. नक्षीवाल्याचं नाव सगळ्यांना हवं असतं. नळी घासणाऱ्याचं नाव आजवर एकानं विचारलं, तेही एवढंच की ‘हे कावळ्याच्या पायाचं काय प्रकरण आहे?’ त्याला पत्र लिहायला बसलो आणि ते लांबत गेलं.

डेलचा बाप कालव्यावर खेचरं हाकायचा. कालव्याची नाव ओढत खेचरं चालायची आणि खेचरांमागं बाप. आमच्या स्टोन लॉक गावात कालव्याचे दरवाजे होते, दरवाज्यापाशी खानावळ होती, आणि खानावळीत तो जे काही मिळवायचा ते राहायचं. डेल १८९२ साली व्हेडरमध्ये लागला. तेव्हा बंदुकीच्या अंगावर बाहेरून घोडे असायचे आणि नळ्या बेल्जियमहून यायच्या, पेंढ्यात गुंडाळून, लाकडी खोक्यांतून. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गजाभोवती गुंडाळून, ठोकून केलेल्या. गंज चढवला की त्यांच्यावर लाकडासारख्या रेषा उमटायच्या. बघणारा हरखून जायचा. डेल म्हणायचा, “दिसायला बाई चांगली होती, पण कुठून फाटेल सांगता यायचं नाही.” पुढं नवी दारू आली, धूर न करणारी, जोरकस. पिळाच्या नळ्या तिच्यापुढं टिकेनात. मग अखंड पोलादाच्या नळ्या आल्या. घोडे आत गेले. डेल कामाच्या बाकावर तसाच राहिला.

त्याचं काम असं की कच्ची नळी यायची ती पाण्याच्या पाइपासारखी, सगळीकडं सारखी जाड. ती बाहेरून घासायची. काडतूस बसतं तिथं भरपूर जाडी ठेवायची, पुढं हळूहळू उतरवत न्यायची, तोंडापाशी पुन्हा जरा राखायची. जास्त ठेवली तर बंदूक शिकाऱ्याच्या हातात मेल्या मेंढरासारखी लोंबते. कमी ठेवली तर, एवढं बोलून डेल थांबायचा. नळीच्या दोन्ही तोंडांना जाडी मोजता येते. मधल्या भागाला हात आणि कान. बोटांच्या चिमटीतून नळी ओढायची, मग दोऱ्याला टांगून बोटाच्या पेरानं टकटक करायची. चांगली नळी वाजते आणि वाजतच राहते. कुठं पातळ झाली असेल तर आवाज तिथल्या तिथं मरतो. चाळीसेक वर्षं त्या माणसानं हे केलं. आणि बंदूक घ्यायची ऐपत कधी नव्हती. शिकारीला जायचा तो सासऱ्याची एकनळी घेऊन, तिच्या दस्त्याला तार बांधलेली.

मी पॉलिशच्या खात्यात होतो. नाव फिंटन गॅरिटी. डेल मला त्या नावानं फारशी हाक मारायचा नाही. मी डावखुरा, म्हणून डावखुऱ्या. “डावखुऱ्या, आज कुणाशी भांडलास?” हा त्याचा सकाळचा रामराम.

आमच्याकडं एक रीत होती. तिला नाव नव्हतं आणि ती कुठं लिहिलेली नव्हती. प्रत्येक बाकावाल्याचा ठसा त्याच्या बाकाशेजारच्या खिळ्याला दोरीनं टांगलेला असायचा. कारखाना पगार द्यायचा नगावर, आणि नग मोजायचा ठशावरून. एखादा आजारी पडला की त्याचा ठसा खिळ्यावर तसाच राहायचा. बाकीचे आपापलं काम उरकून, अर्धा तास, तास, त्याच्या बाकावर उभे राहायचे. नग झाला की त्याचा ठसा मारायचे. शनिवारी त्याच्या घरी पाकीट जायचं. कुणी विचारत नसे, कुणी सांगत नसे. आमचा फोरमन ऑस्ट्रँडर स्वतः बाकावरून वर गेलेला. संध्याकाळी तो नेमका दुसऱ्या टोकाला काहीतरी शोधत असायचा.

ज्यांनी कधी नगावर पोट भरलं नाही त्यांना यात चोरी दिसते. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पूर्वी घालायचो.

१९३५ च्या मार्चमध्ये डेलला न्यूमोनिया झाला. तीन आठवडे. एकदा तर पाद्री येऊन बसला होता. त्या तीन आठवड्यांत कावळ्याच्या पायाच्या चाळीस नळ्या निघाल्या, म्हणजे वीस बंदुका. नऊ जणांनी मिळून काढल्या. त्या नवांत मी होतो. ऑस्ट्रँडर मला म्हणाला होता, “तू पॉलिशवाला. नळीला हात लावू नकोस, लाकडाचं काहीतरी बघ.” मी म्हणालो, “डेल काय फक्त नळीवाल्यांचा आहे?” आणि त्याच्या अंगावर गेलो. तो दुसऱ्या टोकाला निघून गेला. मी चार नळ्या घासल्या. टांगून टकटकही केली. मला चारही वाजल्यासारख्या वाटल्या.

डेल बरा झाला, बाकावर आला, खिळ्यावरचा ठसा त्यानं खिशात टाकला. कुणाचे आभार मानले नाहीत. तशी रीतच नव्हती.

तोवर दुनळीचे दिवस भरत आले होते. आमच्या मुलखात एकेकाळी दर दोन गावांआड दुनळी बनायची. सिराक्यूस, फुल्टन, इथाका. बाहेर मेरिडेनला पार्कर कंपनी, फिलाडेल्फियाला फॉक्स. प्रत्येकाचा आतला खटका निराळा, प्रत्येकाची माणसं शपथेवर सांगायची की आमचाच खरा. मग पंपाची, पुढची मूठ मागंपुढं ओढायची बंदूक आली. एक नळी, पोटात पाच-सहा काडतुसं, यंत्रानं कापलेली, निम्म्या किमतीची. नंतर मंदी आली. फॉक्स विकून युटिकाला गेली. पार्कर इलियनच्या मोठ्या कंपनीनं घेतली. आमच्या व्हेडरची पाळी १९३८ च्या जानेवारीत आली. सत्तर मैलांवरच्या एका मोठ्या कारखान्यानं नाव, आराखडे आणि यंत्रं विकत घेतली. आणि माणसं बारा.

एकशे चाळीसपैकी बारा. दुनळीचं एक खातं त्यांना तिकडं चालू ठेवायचं होतं. यादी दाराला चिकटवली. पहिलं नाव ॲडेलबर्ट क्राऊस. सातवं माझं. युनियन होऊन वर्ष झालं नव्हतं आणि मी तिचा चिटणीस. मला का घेतलं असेल ते मला माहीत आहे. नव्या जागी मी नजरेसमोर राहिलेला बरा. मला चालणार होतं.

यादीला आठवडा झाला आणि डेलला ऑफिसात बोलावलं. नव्या कारखान्याचा माणूस होता, लॅथ्रप. तरुण, नम्र, नखं स्वच्छ. टेबलावर फाटलेली नळी होती. ओहायोतल्या एका दातांच्या डॉक्टरची. बदकांच्या मोसमात त्याच्या हातात फुटली होती, बरोबर डाव्या हाताच्या वर. अंगठा गेला होता. नळीवर कावळ्याचा पाय होता. कामाच्या कार्डावर तारीख मार्च १९३५.

ऑस्ट्रँडर तिथं होता. त्यानं नंतर सांगितलं की डेलनं नळी उचलली, खिडकीशी नेली, बराच वेळ बघितली. परत आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “ठसा माझा आहे.” लॅथ्रपनं विचारलं, आणखी काही सांगायचंय का. डेल म्हणाला, “त्या माणसाचं नाव काय?” त्यानं सांगितलं. डेलनं ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि टोपी घेऊन निघाला.

दुसऱ्या दिवशी यादीवर त्याच्या नावावरून रेघ होती.

बासष्ट वर्षांचा माणूस, शेहेचाळीस वर्षं एका बाकावर, आणि गावात सगळ्यांना माहीत की त्या मार्चमध्ये तो अंथरुणात होता. माझं डोकं फिरलं. रविवारी चर्चनंतर मी थेट त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. त्याची बायको लव्हिना ओव्हनमधून बीन्सचं मडकं काढत होती.

“आधी खा,” ती म्हणाली, “मग भांड. रिकाम्या पोटी तुझा आवाज फार चढतो.”

“लव्हिना, याला सांगा तुम्ही. एका वाक्याचं काम आहे. मी आजारी होतो. डॉक्टर आहे, पाद्री आहे, तुम्ही आहात.”

“मी काय सांगू? मी तीन आठवडे याच्या छातीवर मोहरीचं पोटीस लावत होते. हा माझं तेव्हा ऐकत होता, कारण उठता येत नव्हतं.”

डेल पाव कापत होता. “वाक्य एकच आहे रे डावखुऱ्या. मग ते पगारपत्रक काढतील. अंथरुणात मी आणि पगारपत्रकात बाकावरही मी. मग विचारतील, बाकावर कोण होतं? नऊ जण होते. त्यातले सहा यादीत आहेत. युनियनमध्ये बेरीज शिकवतात ना?”

“मग ज्यानं ती नळी बिघडवली त्यानं पुढं यावं. थोडी लाज असेल तर—”

“लाज असेल,” डेल म्हणाला. “माहीत नसेल.”

“तुला माहीत आहे?”

“लव्हिना, याला अजून बीन्स वाढ.”

“डेल, मी विचारतोय. तुला माहीत आहे का कोण ते?”

“तू आलास की घरात दोनच गोष्टी उरतात बघ,” तो म्हणाला. “जेवण नाहीतर मीटिंग. आज जेवण करू.”

मी जेवलो नाही. तावातावानं उठलो. दारात लव्हिना म्हणाली, “फिंटन, तो थकलाय. त्याला वाचवायचंच असेल तर जरा हळू वाचव.” मी तेही ऐकलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी दोन पत्रकं काढली, एकदा फाटकावर बोललो, आणि युनियनच्या नावानं बैठक मागितली. लॅथ्रपनं दिली. खोलीत तो, ऑस्ट्रँडर, डेल आणि मी. डेलला मी ओढूनच आणला होता. तो खुर्चीत टोपी मांडीवर ठेवून बसला होता, दवाखान्यात पाळी लागलेल्या माणसासारखा.

मी बोललो. चांगलं बोललो असेन, मला सवय होती. शेवटी म्हणालो, “आणि ज्या नळीवरून तुम्ही शेहेचाळीस वर्षं पुसून टाकताय ती नळी आम्हाला बघू द्या.”

डेल म्हणाला, “बघून काय करणार आहेस? बस.”

“बघू द्या,” मी म्हणालो.

लॅथ्रपनं ती पुढं सरकवली. मी खिडकीशी गेलो.

दोन नळ्यांच्या मधे वर एक पट्टी असते, खाली एक. शिशाच्या डाखानं चिकटवलेली. पट्टीखाली जो भाग झाकला जातो तो कुणी पॉलिश करत नाही. कोण बघणार? कानशीचे ओरखडे तिथं जसेच्या तसे राहतात. नळी फाटली तेव्हा पट्टी उपटली गेली होती. झाकलेलं उघडं पडलं होतं. बाकावरचा कुठलाही माणूस कानस मारतो तेव्हा ओरखडे उजवीकडं कलतात. सगळ्यांचे, कारण सगळे उजव्या हाताचे. हे डावीकडं कलले होते. सगळे, एकासारखे एक. फाटलेल्या कडेपाशी पोलाद इतकं पातळ होतं की मला ते माझ्या दातांत जाणवलं.

खाली कालव्यावर बर्फ होतं. त्यावरून एक बाई लाकडं लादलेली घसरगाडी ओढत होती. ती दरवाज्यापर्यंत पोचेपर्यंत मी बघत उभा होतो. वळलो तेव्हा डेल माझ्याकडंच बघत होता. त्यानं मान हलवली. इतकी थोडी की दुसऱ्या कुणाला दिसली नसेल. नको.

“ही कानस माझी आहे,” मी म्हणालो.

लॅथ्रपनं वर बघितलं. “म्हणजे?”

मी त्याला ओरखडे दाखवले. हात दाखवला.

“मग यावर क्राऊसचा ठसा कसा?”

“मी मारला. तो आजारी होता. त्याच्या खिळ्यावरून ठसा काढून मी मारत होतो. त्याला पगार मिळावा म्हणून. बाकी कुणाला माहीत नव्हतं.”

“तीन आठवडे. चाळीस नळ्या. पॉलिश खात्यातला माणूस. एकट्यानं.”

“हो.”

त्यानं ऑस्ट्रँडरकडं बघितलं. “फोरमनला दिसलं नाही?”

“माझे डोळे कमजोर आहेत साहेब,” ऑस्ट्रँडर म्हणाला. “डॉक्टरनं चष्मा सांगितलाय.”

लॅथ्रप मूर्ख नव्हता. त्यानं कागदावर बघितलं, टेबलावर बोटं वाजवली. त्याला हवं असतं तर त्यानं नऊच्या नऊ उपटले असते आणि खातं उघडायच्या आधीच बंद केलं असतं. त्यानं पेनाला टोपण लावलं.

“क्राऊसनं न केलेल्या कामाचा पगार घेतला,” तो म्हणाला. “तुम्ही जे केलं ते केलं. मला दहा माणसं पुरतील.”

बाहेर आलो. कालव्याच्या पुलापर्यंत डेल माझ्या पुढं चालत गेला. पुलाच्या मधे थांबला, कठड्याला टेकला, श्वास घेतला. त्या आजारानंतर त्याला मधेमधे थांबावं लागायचं.

“तुला कुणी सांगितलं होतं?” तो म्हणाला.

“खरं होतं ते.”

“खरं मला त्या दिवशीच दिसलं होतं. मी काय आंधळा आहे? तिकडं जाऊन मी किती दिवस कानस मारली असती? दोन वर्षं? छाती बघ माझी, पूल एका दमात होत नाही. त्या दहा जणांबरोबर तिकडं तोंड असलेला एक माणूस हवा होता. मी त्यासाठी गप्प बसलो होतो. त्यांनी माझ्या नावावर थुंकून तुला नेलं असतं. महाग नव्हतं ते.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर गप्प बसला असतास?”

मी कठड्यावरचं बर्फ हातानं झाडलं.

“नसतास,” तो म्हणाला. “तुला स्वच्छ राहायचं होतं. झालास. आता ते दहा जण तिकडं काय करतील ते बघ.” मग आवाज अजिबात न चढवता त्यानं विचारलं, “चार नळ्या केल्या होत्यास ना?”

“चार.”

“म्हणजे दोन बंदुका. दुसरी कुठं आहे?”

इतक्या दिवसांत, दोन पत्रकं आणि एक भाषण करून झाल्यावरही, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. डेलच्या आला होता. त्यानं त्या डॉक्टरचं नाव विचारलं तेव्हाच आला असावा.

दहा जण गेले. तिकडं वर्ष-दीड वर्ष दुनळी निघाली, मग खातं बंद झालं आणि त्यांना पंपाच्या बंदुकीच्या जुळणीवर लावलं. स्क्रू आवळायला. त्यांच्या वतीनं बोलायला कुणी नव्हतं. तिघं परत आले. मला कुणी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. त्या डॉक्टरला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि का यावं.

मला विणकाम गिरणीत यंत्रं दुरुस्त करायची नोकरी मिळाली. डेलनं घरामागच्या शेडमध्ये बाक मांडला. शेतकरी बंदुका आणायचे. पोचा आलेल्या नळ्या, सुटलेल्या पट्ट्या, मोडलेले खटके. मी शनिवारी जायचो. पहिले काही महिने तो माझ्याशी बोलायचा नाही, शेगडी तेवढी पेटवू द्यायचा. मग एकदा त्यानं एक भंगार नळी माझ्यापुढं टाकली.

“घास.”

“आता काय उपयोग?”

“काही नाही. घास.”

अशी त्यानं मला शिकवायला सुरुवात केली. तीन-चार वर्षं उशिरा. मी घासायचो, तो टकटक करायचा. “मेली,” म्हणायचा आणि कोपऱ्यात टाकायचा. कोपऱ्यात मेलेल्या नळ्यांचा ढीग झाला. “डाव्या हातात दोष नाही,” तो म्हणायचा. “तू थांबत नाहीस, हा दोष आहे. पुरे झालं हे तुला कधी कळतच नाही. बोलतानाही तेच.”

आणि शेडमध्ये व्हेडरची कुठलीही बंदूक आली, दस्त्याचं काम असो नाहीतर चापाचं, डेल आधी पुढचं लाकूड काढायचा. खूण बघायचा. कावळ्याचा पाय आणि ते साल असलं की नळ्या दोऱ्याला टांगायचा. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? डेल म्हणायचा, “वाजवून घेतो. सवय आहे.” ऑस्ट्रँडरनं जुन्या कार्डांवरून वीस बंदुकांचे नंबर उतरवून दिले होते. कार्डावर ठसा असतो, हात नसतो, त्यामुळं त्या वीसांत माझी कुठली हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. लव्हिनाचं अक्षर चांगलं, ती दुकानदारांना पत्रं लिहायची. एक फुटली ती फुटली. बाकी एकोणीसपैकी बारांचा पत्ता लागला. कुणी आणून दिली, कुणी पार्सलानं पाठवली. बाराही वाजल्या. डेल प्रत्येक वेळी आवाज संपेपर्यंत ऐकायचा आणि मग खुर्चीत बसायचा. त्याला आनंद झालेला मी कधी बघितला नाही. फक्त बसायचा.

१९४२ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा पडला. छातीच. लव्हिना गिरणीच्या फाटकाशी आली, शाल डोक्यावरून घेतलेली.

“बाकावर एक नळी अर्धवट आहे,” ती म्हणाली, “आणि तो तिच्यासाठी उठायला बघतोय. दोनदा पडला. तू ये.”

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बंदूक होती. त्याची एक नळी गंजून गेली होती आणि डेलनं जुन्या साठ्यातली कच्ची नळी काढून त्या जागी बसवायला घेतली होती. मी दोन रविवार शेडमध्ये काढले. चार ओरखडे मारायचे, टांगायची, वाजवायची. दुसऱ्या रविवारी दुपारी मला वाटलं अजून जरासं घ्यावं. कानस उचलली, ठेवली. नळी घेऊन घरात गेलो.

डेलला उशांना टेकवून बसवलं होतं. चेहऱ्यावर नाकच उरलं होतं. त्यानं नळी गोधडीवर घेतली, चिमटीतून ओढली. मधे थांबला.

“इथं अजून केसभर जास्त आहे.”

“माहीत आहे. राहू दिलं.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग दोरा मागितला. लव्हिनानं शिवणाच्या डब्यातला दिला. मी नळी टांगून धरली, त्यानं पेरानं टकटक केली आणि डोळे मिटले. ती वाजली. स्वयंपाकघरातल्या किटलीचा आवाज येत होता, त्याच्या वर ती वाजत राहिली. संपली तेव्हा त्यानं डोळे उघडले.

“ठसा कुठाय?”

“खिळ्यावर.”

“मार.”

“माझा नाही तो, डेल.”

“रीत विसरलास काय रे?” तो म्हणाला. “मी आजारी आहे.”

मी शेडमध्ये जाऊन ठसा मारला. शेतकरी मंगळवारी बंदूक घेऊन गेला. डेल त्याच महिन्यात गेला. लव्हिना त्यानंतर सहा वर्षं होती. पत्रं लिहीत होती.

आता तो ठसा माझ्या बाकाशेजारच्या खिळ्यावर आहे. मी तो परत कधी मारला नाही. वीसातल्या सात बंदुकांचा पत्ता अजून लागलेला नाही. त्यांतल्या एकीच्या दोन नळ्या माझ्या डाव्या हाताच्या असू शकतात. ती एखाद्या भिंतीवर टांगलेली असेल तर ठीक. पण दर हिवाळ्यात बदकं येतात आणि माणसं भिंतीवरच्या बंदुका उतरवतात.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कावळ्याच्या पायाची व्हेडर तुमच्याकडं असली आणि साल १९३५ असलं, तर तिच्यात काडतूस घालू नका. पुढचं लाकूड काढा. नळ्या दोऱ्याला टांगा आणि बोटाच्या पेरानं वाजवा. आवाज लगेच मेला तर मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन. वाजत राहिला तर तेही कळवा. सातांच्या यादीतला एक नंबर कमी होईल.